देव्हाऱ्यातला डायव्हिंग मास्क

मी समुद्रात बुडी मारताना डोळ्यांवर लावायचा एक जुना, काळ्या रबराचा मास्क आहे आणि कृष्णरावांना माझ्यातून तो मोठा जेलीफिश दिसला नाही. मित्रांनो, हे वाक्य आता विसरून जा. त्यांना तो दिसला, हे सगळ्या कुंभकोणमला माहीत आहे. शेजारच्या तिरुनागेश्वरमच्या शहाळेवाल्याला तर ती गोष्ट पाठ आहे.

माझा जन्म कारखान्यात झाला. साचा गरम होता, एवढंच आठवतं. माझी खरी वर्षं गेली पुदुच्चेरीला, दिव्यश्रीच्या चेहऱ्यावर. ती लोकांना बुडी मारायला शिकवते. रोज सकाळी ती माझ्या काचेवर आतून थुंकायची, बोटाने चोळायची आणि विसळायची. असं केलं की काचेवर वाफ धरत नाही. तेवढं प्रेम माझ्यावर नंतर कुणी केलं नाही.

तिने बँकेतली नोकरी सोडली, तेव्हापासून तिचे वडील कृष्णराव तिच्याशी बोलत नव्हते. फोन उचलायचे, पण बायकोच्या, अलमेलूअम्मांच्या, हातात देण्यापुरता. मग नवरात्रात ती कुंभकोणमला घरी आली, तेव्हा जेवताना एकदम म्हणाले, "तू खाली काय बघतेस, ते एकदा मला दाखव."

डॉक्टरांनी वयाकडे पाहून एकच बुडी मंजूर केली. दिव्यश्रीने मला वडिलांसाठी घरीच ठेवलं. आयुधपूजेला, म्हणजे खंडेनवमीला, अलमेलूअम्मांनी मिक्सर, स्कूटर आणि मला गंध-कुंकू लावलं, कापूर ओवाळला. मिक्सर दुसऱ्या दिवशी चटणीला लागला. मी मात्र समुद्र शांत होईपर्यंत देव्हाऱ्यातच राहिलो, रोज एक फूल घेत. मला बरं वाटायचं. तिथेच घात झाला.

होडीवर दिव्यश्री म्हणाली, "अप्पा, आत थुंका."

"याला तुझी आई रोज फूल वाहते. याला उष्टं करू?"

"मी धुतलाय तो."

"धुतला म्हणून देव उतरून जातो होय?"

"अप्पा, थुंका."

कृष्णराव पाठमोरे झाले आणि त्यांनी थू केलं. नुसता आवाज. थेंब नाही.

खाली गेल्यावर तिने त्यांचा हात धरला. माझी काच आतून पांढरी होत गेली आणि नेमका तेव्हाच तो आला. मला बाहेरच्या बाजूने नीट दिसला. देवळाच्या उत्सवातल्या छत्रीएवढा, गुलाबी, सावकाश उघडत आणि मिटत, मागे लांबच लांब झालरी. दिव्यश्रीने बोट दाखवलं. कृष्णरावांनी धुक्यातून 'ठीक' अशी खूण केली. मग माझ्या आत, तळाशी, थोडं खारट पाणी साचलं. समुद्र बाहेरच होता.

वर आल्यावर तिने विचारलं, "पाहिलात?"

"पाहिला. केवढा होता."

"रंग काय सुंदर होता ना?"

"हो. पांढरा."

दिव्यश्रीने मला हातात घेतलं. आतले थेंब पाहिले. बराच वेळ पुसत राहिली.

"हो अप्पा," ती म्हणाली, "पांढराच होता."

आता कृष्णराव रोज संध्याकाळी तिला स्वतः फोन करतात. मी पुन्हा देव्हाऱ्यात आहे, कायमचा. मित्रांनो, वस्तूंना जपा, पण इतकं नको की त्यांच्या हातून त्यांचं एकमेव काम सुटेल.

सबब, अर्जदार मास्क नम्र विनंती करतो की, कृष्णराव यांस आणखी एक बुडी मंजूर व्हावी. सदर जेलीफिशने त्याच जागी, त्याच रंगात पुनश्च हजर राहावे. आणि तत्पूर्वी अर्जदाराच्या आत, साक्षीदारांसमक्ष, मनापासून थुंकण्यात यावे.