काळेनिळे तळहात

मेडिकल कॉलेजाच्या फाटकासमोर नीलकंठ महाराजांचा मांडव पडला आणि दुपारच्या सुट्टीत चहाची टपरी ओस पडू लागली. पुढं पहिल्या वर्षाची पोरं-पोरी, त्यांच्यामागं गावाकडून धावत आलेले आईबाप आणि सगळ्यात मागं नुसते बघे. मधोमध गळ्यात वीणा अडकवून महाराज उभे.

"मढं फाडलंस ना, बाळ? मग त्याचा जीव तुझ्या हाताला चिकटलाय. आम्ही नाही सांगत, तीर्थ सांगेल!"

काचेच्या बरणीतलं फिकट तांबूस तीर्थ चमच्यानं पोराच्या तळहातावर पडायचं, आणि बघता बघता तळहात काळानिळा. साऱ्या मांडवाचा श्वास अडकायचा. मग तेच तीर्थ शेजारी उभ्या बापाच्या हातावर. काही नाही! हात जसाच्या तसा. शेवटी पाण्यात कालवलेला चिमूटभर पांढरा अंगारा चोळला की पोराच्या हातावरचं काळं गायब.

"आज उतरलं. उद्या पुन्हा चढेल. मूळ उपटायचं तर अनुष्ठान पाहिजे, माउली!"

आणि अनुष्ठान म्हटलं की शिष्य पावतीबुकं घेऊन पुढं सरसावायचे. त्यांची लगबग बघून वाटावं, वैकुंठात जागा थोड्याच उरल्यात.

त्या दिवशी रांगेत मोहिनी होती. आष्टी तालुक्यातल्या कोरडवाहू गावातून आलेली, गावातली पहिलीच डॉक्टर होऊ घातलेली पोरगी. पण हे सुरुवातीचे आठवडे तिला झेपेनात. वर्गात सगळं इंग्रजीत, हाडांची नावं कानावरून नुसती वाहत जायची. शवविच्छेदनाच्या हॉलमध्ये देह टिकवायच्या औषधाच्या वासानं डोळे झोंबायचे. जेवायला बसलं की तोच वास घासाला यायचा, ताट तसंच सरकवायची. परवा टेबलापाशी उभ्या उभ्या चक्कर येऊन पडली आणि फोनवर बापाजवळ रडली. झालं! बाप पहिल्या एसटीनं हजर.

बाप भारत, भजनी माणूस. गावच्या सप्ताहात मृदंग त्याच्याकडे. कीर्तनाचं वेड वाईट नव्हे. ज्याला ते नाही त्याचं जगणं अळणी. पण भारतचा एक भोळा हिशेब होता : गळा गोड तर माणूस गोड. फाटकासमोर महाराजांचा आलाप कानावर पडला आणि लेकीला भेटायच्या आधीच तो मांडवात विरघळला. नारदाच्या गादीवर चोर उभा राहू शकतो, हे त्याच्या स्वप्नातही येणं शक्य नव्हतं.

"हात धुवू नगंस," नुकतेच रबरी हातमोजे काढलेल्या मोहिनीला त्यानं हॉलच्या दारातूनच ओढून आणलं. "साबण लावला की बाधा आत दडून बसती, म्हाराज म्हणलेत."

"आबा, असलं काय नसतं."

"मग घाबरतीस कावून? दाव हात!"

तीर्थ पडलं. मोहिनीच्या दोन्ही तळहातांवर काळी निळाई पसरली. भारतनं स्वतःचा हात पुढं केला. तेच तीर्थ, पण डाग नाही! त्याच्या चेहऱ्यावरचा रंगच उतरला.

"मढं चिडलंय," महाराजांनी डोळे मिटले. "कुणाचं बेवारस, कसल्या वासनेचं, देव जाणे. पोरीनं वर्षभरात या फाटकात पाऊल टाकलं तर आम्ही जबाबदार नाही."

"बॅग भर," भारत म्हणाला.

"वर्षभर? आबा, शीट जाईल माजी!"

"जाऊ दी. शीट गेली तर गेली. माजी लेक न्हाई जायची."

मोहिनी मटकन खाली बसली. याच शीटसाठी तिनं वर्षानुवर्षं डोळे फोडून अभ्यास केला होता. पण त्याहूनही एक शब्द तिला जास्त लागला : बेवारस. पहिल्या दिवशी सगळ्या वर्गानं हॉलमधल्या टेबलावरच्या त्या देहाला फुलं वाहून शपथ घेतली होती. "हे शाळामास्तर होते," शिकवणाऱ्या मॅडम म्हणाल्या होत्या. "मेल्यावरही शिकवायचं म्हणून देह देऊन गेले. तुमचे पहिले गुरुजी." आणि हा वीणेवाला त्या गुरुजींचं भूत करून विकत होता!

एवढ्यात स्वयंपाकाच्या तट्ट्यामागून बायडाबाई बाहेर आली. मांडवातल्या पंगतीच्या भाकरी तीच थापत होती. "मलाबी वाईच तीर्थ द्या, म्हाराज. गुडघं लई दुकायलेत." एका बावळट शिष्यानं तिच्या ओंजळीत चमचाभर ओतलं.

तिचे हात काळेनिळे!

मांडव पुन्हा हादरला. महाराज क्षणभर चाचरले, मग गरजले, "हीही मढ्याला शिवलीय!"

"तुज्या तोंडात माती!" बायडाबाई कडाडली. "सकाळधरनं भाकरी थापायलेय मी. मढं कुठनं आणू? तुज्या पंगतीला वाढाय?"

मागं कुणीतरी फस्सकन हसलं. मोहिनी मात्र टक लावून त्या हातांकडं बघत होती. जिथं पीठ चिकटलं होतं तिथंच काळं. मनगट स्वच्छ. तिनं स्वतःचे हात पाहिले. तिचंही तसंच, मघाच्या रबरी हातमोज्याची कड होती तिथवर काळं आणि पुढं काही नाही. शाळेत बटाट्याच्या फोडीवर काळानिळा पडलेला आणि लिंबू पिळताच पुसला गेलेला आयोडीनचा थेंब तिला आठवला. ती ताडकन उठली आणि तट्ट्यामागून पिठाची परात, कापलेलं लिंबू घेऊन आली.

"आबा, तुमी कदी मढं फाडलंय?"

"काय बोलतीस?"

"मग घाला हात पिठात."

"धरा तिला!" महाराज किंचाळले. "ती नाही बोलत, बाधा बोलतेय! धरा!"

आणि भारत थबकला. आयुष्य मृदंगावर गेलेल्या त्या माणसाला औषधातलं काही कळत नव्हतं, पण सुटलेला सूर कळत होता. मघाचा तो मधाळ गळा पार फाटला होता. देवाचं काम करणारा माणूस पिठाला कशाला भिईल?

भारतनं दोन्ही हात परातीत घातले. मोहिनीनं बरणी उचलून तीर्थ ओतलं. भजनी बापाचे हात काळेनिळे पडले.

"झाली का बाधा?" बायडाबाईनं विचारलं.

मोहिनीनं लिंबू पिळून ते हात चोळले. काळं फिकं पडत गेलं, मग नाहीसं झालं. तिनं बरणीचा वास घेतला, अंगाऱ्याची चिमूट जिभेवर ठेवली.

"आंबट हाय. लिंबात असतंय तेच, क जीवनसत्त्वाची पूड. आन् हे तीर्थ म्हंजी जखमेवर लावायचं आयोडीनचं औषध, पाणी घालून पातळ केलेलं. पिठातल्या स्टार्चला लागलं की काळंनिळं होतंय. आमच्या हातमोज्यांत तसलीच भुकटी असती, हात सरकावा म्हणून. हात धुवू नका कावून, कळलं का? धुतलं की भुकटी जाती. मग याचं भूत यायचं कुठनं?"

महाराजांनी घाईघाईनं नामाचा गजर धरला. टाळ वाजला नाही. एकाही ओठानं साथ दिली नाही. भारत पुढं गेला, महाराजांच्या गळ्यातली वीणा दोन्ही हातांनी उतरवली आणि कपाळाला लावली.

"ही तुजी न्हाई बे," एवढंच म्हणाला.

तोवर पोरांनी पोलिसांना फोन केला होता. महाराज पोलिसांच्या गाडीत चढले तेव्हा घोगऱ्या आवाजात शाप देत होते. तेही बेसूरच.

"मग तुला चक्कर कशानं आली?" भारतनं हळूच विचारलं.

"उपाशीपोटी उभी व्हते. डोळं झोंबतेत ते औषधानं. आन् भीतीबी वाटती, आबा. समद्यांनाच वाटती, कुणी बोलत न्हाई."

भारतनं लेकीचे हात आपल्या हातांत घेतले. "म्या तुला नेणार व्हतो गं," तो पुटपुटला. मग फाटकाकडं वळून त्यानं हॉलच्या दिशेनं हात जोडले. "त्या मास्तरांस्नी सांग, बापाचं चुकलं म्हणावं."

बायडाबाईनं तव्यावरची भाकरी काढून ठेचा घातला. "ये पोरी, जेव. आदी हात धू, साबणानं!"

कॉलेज सुरू झाल्यापासून मोहिनी त्या दिवशी पहिल्यांदा पोटभर जेवली, आणि जेवून हॉलमध्ये परत गेली.

मंडळी, हरिनाम जरूर घ्या, टाळ फुटेस्तोवर घ्या. पण त्या नामाच्या आडून कुणी भीती विकू लागला तर हात पुढं करण्याआधी एकच विचारा : हे दुसऱ्या कशानं होतं का? विचारल्यानं देव रागावत नाही. त्याला धुतलेले हात चालतात. ज्याला ते चालत नाहीत, तो देवाचा माणूस नव्हे.