आतून कच्चा केक

नाताळचा आदला दिवस. बेकरीसमोरचा रस्ता माणसांनी भरून गेला होता आणि त्यात केक घ्यायला आलेलं कुणीच नव्हतं. सगळे मेलेल्या बेकरीवाल्याला बघायला आले होते.

‘मेलेला’ असं आपलं मी म्हणतेय. गर्दीत या शब्दाला बंदी होती.

“मेलेत कुठले, बाई!” औषधांच्या दुकानवाल्याने मला दटावलं. हा गडी शाळेत माझ्याकडे विज्ञान शिकलेला. “गाल बघा त्यांचे! मेलेला माणूस पांढराफटक पडतो. हे तर लग्नाला निघाल्यासारखे दिसतायत.”

मी काचेतून डोकावले. पीठ मळायच्या लांब टेबलावर बेकरीवाल्याला निजवलं होतं. छाती हलत नव्हती, बोटं ताठ झाली होती. पण गाल गुलाबी आणि ओठ लालबुंद. खोटं कशाला बोलू, माझ्याही अंगावर काटा आला.

नाताळच्या ऑर्डरी पुऱ्या करायला तो रात्रभर एकटाच राबत होता. पहाटे बायकोने दार उघडलं तेव्हा भट्टीपुढे पडलेला सापडला.

दाराबाहेर, ऐन थंडीत, खुर्ची टाकून उजेडबुवा बसला होता. तो स्वतःला ‘प्रकाशस्वरूप’ म्हणवतो. उजेडबुवा हे मी ठेवलेलं नाव. बेकरीवाला त्याला पायरीही चढू देत नसे. गिऱ्हाइकांसमोर त्याची टर उडवायचा. त्यावर बुवाने भर चौकात जाहीर केलं होतं, की जो मला हसतो त्याला नाताळच्या आत प्रकाश कवेत घेईल. आता प्रकाशाने त्याला कवेत घेतलं होतं म्हणे.

“शरीर थंड, चेहरा गुलाबी!” बुवा गर्जत होता. “विज्ञानाला विचारा, हे कसं? आहे उत्तर?”

विज्ञानाला कुणी विचारलंच नव्हतं. ते माझ्या रूपात समोरच्या घरात सकाळपासून चहा पीत बसलं होतं.

“हा देह झोपलाय. उद्या सकाळी घंटा वाजतील तेव्हा हा डोळे उघडेल. तोवर भट्टी विझता कामा नये. खिडकी उघडता कामा नये. बाहेरचा वारा आत गेला की प्राण बाहेर गेला! याची लेक उशाशी बसेल. आणि अंधार पडला की दाराला बाहेरून कडी. मग उजेड जाणे आणि ती जाणे.”

लोक दोघे-दोघे आत जात आणि लटपटत बाहेर येत. “काय कृपा आहे हो,” एक बाई कठड्याला धरून म्हणाली, “डोकं नुसतं गरगरतंय!” मागची म्हणाली, “मला तर ओकारीच आली. आतली घाण निघाली सगळी.” मला हसू येत होतं आणि चीडही येत होती.

माझी पाळी आली. आत ऊब होती, वास कसलाच नव्हता. लेक स्टुलावर बसली होती. एकोणीस-वीस वर्षांची पोर, दुकानात सुटे पैसे परत देताना कायम काहीतरी गुणगुणणारी. आता तिचे डोळे जड झाले होते आणि मान एका बाजूला कलत होती.

“काय गं, बरी आहेस ना?”

“डोकं फुटतंय, बाई,” ती पुटपुटली. “उठवत नाही. पण मी उठले तर बाबा जातील ना?”

“भार आहे कृपेचा!” बाहेरून बुवा ओरडला. “चला, पुढचे!”

बाहेर पडताना बुवाच्या एका चेल्याने माझ्या हातात बटर पेपरात बांधलेला छोटा केक ठेवला. “शेवटच्या भट्टीचा. कपाटात जपून ठेवा, खायचा नाही.” सगळ्यांच्या हातांत तसेच केक होते आणि जो तो कपाळाला लावत होता. मी मात्र सकाळपासून उपाशी होते. तिथेच पायरीवर बसून मोडला आणि तोंडात घातला.

थू! आत ओलं पीठ.

वरून तांबूस, आत लिबलिबीत. वीस वर्षं मी या माणसाच्या हातचं खातेय. पाव कधी कच्चा नाही, बिस्किट कधी करपलेलं नाही. नाताळचा केक हा तर त्याचा जीव की प्राण. त्याने केक कच्चा काढला म्हणजे एकतर भट्टी पेटत नव्हती, नाहीतर त्याचं डोकं ठिकाणावर नव्हतं. की दोन्ही?

मी मान वर करून धुराड्याकडे पाहिलं. आत भट्टी पेटलेली, आणि एवढ्या थंडीत धुराड्यावरची हवा जराही थरथरत नव्हती.

बेकरीवाल्याची बायको जिन्याखाली बसली होती. मी तिच्याजवळ गेले.

“वहिनी, धुराड्याला कुणी हात लावलाय का?”

ती दचकली. मग अगदी हळू म्हणाली, “यांना सांगू नका हं, उठल्यावर रागावतील. बाहेर बसलेत ना, त्या महाराजांनी एक पोटली दिली होती. म्हणाले, घराची बरकत धुराड्यातून उडून जाते, तिथे बांध. काल संध्याकाळी मीच वर चढून घट्ट बसवली. यांचं मन वळावं म्हणून हो!”

या बाईला काय सांगू आणि कसं सांगू? पण सांगत बसायला वेळच नव्हता. पोर आत होती.

मी धावत सुटले. या वयात किती धावणार म्हणा! दारात चेले आडवे आले. “बाईंना वेड लागलंय,” बुवा म्हणाला, “अडवा!” आणि अडवायला पुढे आलेली निम्मी तोंडं माझ्याच वर्गातली. मी पायरीवरचा केकचा लोखंडी साचा उचलला आणि दुकानाच्या काचेवर हाणला.

खळकन काच फुटली. लोक किंचाळले. “मारलंत त्यांना!” कुणीतरी ओरडलं.

“अरे गाढवांनो, तो रात्रीच मेलाय! पोरीला तरी काढा बाहेर!”

कुणी हललं नाही. मीच फुटक्या काचेतून आत शिरले. हात कापला, त्याची शुद्ध नव्हती. पोर स्टुलावरून खाली घसरली होती. तिला काखेत धरून ओढू लागले, तेव्हा कुठे औषधवाल्याला लाज वाटली आणि त्याने पाय उचलले. फुटपाथवर आणलं तर ओठ बापासारखेच लाल. माझी भाची डॉक्टर आहे. गर्दी बघून तीही तेवढ्यात आली. तिने एका नजरेत ओळखलं आणि औषधवाल्याच्या दुकानातून नळकांडं आणवून पोरीच्या तोंडाला ऑक्सिजन लावला.

“मावशी, आणखी तासभर बसली असती तर संपलं होतं.”

भट्टीत बादल्या ओतल्या. टपालवाला छपरावर चढला आणि धुराड्यातून पोटली उपसून काढली. ओल्या मातीने गच्च भरलेलं गोणपाट होतं ते. त्याने ते रस्त्यावर टाकलं. लोक मागे सरकले.

“आता ऐका,” मी म्हणाले. माझा आवाज वर्गात चढायचा तसा चढला होता. “थंडीत पीठ फुगायला ऊब लागते, म्हणून हा माणूस दारं-खिडक्या लावून काम करायचा. रोजच करायचा, तरी काही व्हायचं नाही, कारण भट्टीची घाण हवा धुराड्यातून जायची. काल धुराडं बुजवलं. लाकडी कोळसा धुमसला की कार्बन मोनॉक्साइड नावाचा विषारी वायू तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. तो रक्ताला चिकटतो, प्राणवायूला जागाच ठेवत नाही, आणि रक्त लालभडक करतो. हे गुलाबी गाल त्याचे. तुमचं गरगरणं त्याचं, ओकाऱ्याही त्याच्याच. आणि हे ज्याला ठाऊक होतं तो सकाळपासून बाहेर थंडीत कुडकुडत बसलाय. त्याला एकदा तरी आत पाऊल टाकताना पाहिलंत?”

सगळ्यांनी खुर्चीकडे पाहिलं. खुर्ची रिकामी होती. बुवा कोपऱ्यापर्यंत पोचला होता. छपरावरून उतरलेल्या टपालवाल्यानेच त्याची मानगूट धरली. पुढे पोलिसांना कळलं, की हा प्रकाशस्वरूप पूर्वी बॉयलर दुरुस्त करायचा. कुठलं तोंड बुजवलं की काय होतं, हे त्याला आपल्यापेक्षा चांगलं माहीत होतं. एक भविष्य खरं करायला त्याने माणूस मारला होता, आणि उद्या बाप उठला नाही की दुसरा ‘चमत्कार’ दाखवायला लेकीलाही मारणार होता.

एवढं सगळं सांगून झाल्यावर कठडा धरून उभी असलेली ती बाई मला विचारते, “पण बाई, चेहऱ्यावर तेज तर होतंच ना?”

“विष होतं!” मी तिच्या अंगावर ओरडले. मला रडू फुटलं होतं.

बेकरीवाल्याची बायको त्या गोणपाटाजवळ उकिडवी बसली होती. तिने कोपऱ्यातली गाठ चाचपली. स्वतःच मारलेली.

“बाई, मी त्याला नुसतं विचारलं असतं, की आत काय आहे, तर?”

मला उत्तर ठाऊक होतं. तिलाही होतं. मी तिच्याजवळ बसले आणि तिचा हात धरून ठेवला.

तिला जे सांगवलं नाही ते तुम्हाला सांगते. कुणी पोटली दिली तर उघडून बघा. कुणी खिडकी लावायला सांगितली तर का म्हणून विचारा. आणि विचारल्यावर जो चिडेल, त्याच्या हातून काही घेऊ नका. या बाईचं आपल्या नवऱ्यावर फार प्रेम होतं हो, आणि त्या प्रेमापोटीच ती शिडी चढली होती.