अर्जातला सातवा प्रश्न

१९६६ सालच्या कपाशीच्या हंगामात देवमन अकोल्याच्या धावपट्टीवरून रोज सकाळी फवारणीचं विमान काढायचा. अमरावतीच्या त्यांच्या वस्तीतला तो पहिला वैमानिक. सरकारी शिष्यवृत्तीवर नागपुरात शिकलेला. सुट्टीत घरी आला तेव्हा त्याच्या आईनं, केशरबाईनं, पेपरातली एक जाहिरात त्याच्यापुढे धरली. प्रवासी विमानांसाठी वैमानिक पाहिजे होते.

"ते औषधाचं इमान सोड आता," ती म्हणाली. "वामनरावाचं काय झालं, पायलं ना?"

वामनराव त्याचे जोडीदार वैमानिक. तीन आठवड्यांपूर्वी, लख्ख उन्हात, पातूरच्या बाजूला त्यांचं विमान बाभळीच्या रांगेत घुसलं आणि ते जागीच गेले. चौकशीत देवमनचा जबाब घेतला गेला. वामनराव नको तितकं खाली उडायचे, असा मजकूर कंपनीच्या मालकांनी आधीच लिहून ठेवला होता. अगदीच खोटं होतं असंही नाही. देवमननं सही ठोकली होती.

त्यानं दुसऱ्याच दिवशी नागपूरहून अर्ज आणवला. उड्डाणाचे तास पुरेसे होते, कागदपत्रं होती. पेन अडलं ते सातव्या प्रश्नाशी. गेल्या वर्षभरात दृष्टीचा काही त्रास झाला आहे काय?

झाला होता. चारच दिवसांपूर्वी, सकाळी दहा वाजता तो उतरायला लागला आणि दिवेलागणीची वेळ असावी तसं सगळं अंधुक झालं. पट्टीच्या कडेचा चुना दिसेना. अंदाजानंच चाकं टेकवली त्यानं. खाली उतरला तर डोकं ठणकत होतं, अंगाला दरदरून घाम. पिंपात औषध कालवणारा म्हातारा बुधाजी जवळ आला आणि त्याच्या डोळ्यांत निरखून बघत राहिला.

"सायेब, बाहुली मोहरीएवढी झाली तुमची."

"ऊन हाय म्हनून."

"उन्हात मीबी उभा हावो. वामनराव सायबाची बी अशीच झाली होती. त्याच सकाळी."

"मंग चौकशीत काहून नाई सांगतलं?"

"मले कोनं इचारलं?" बुधाजी म्हणाला आणि उघड्या हातांनी पिंपाचं झाकण लावायला गेला.

अमरावतीच्या डोळ्यांच्या डॉक्टरनं तपासलं तोवर फवारणी सोडून तीन दिवस झाले होते, बाहुली पूर्ववत झाली होती. "डोळे अगदी स्वच्छ आहेत," डॉक्टर म्हणाले. केशरबाईचा जीव भांड्यात पडला.

"मंग लिव्ह 'नाई' म्हनून! त्या इमानात कुठलं आलं औषध?"

तिचं म्हणणं खरं होतं. 'नाही' लिहिल्यानं कोणा प्रवाशाचा केस वाकडा होणार नव्हता. पण एकदा 'नाही' लिहिलं की औषधाबद्दल तोंड उघडायची सोय उरत नव्हती. आणि 'होय' लिहिलं तर कारण लिहावं लागलं असतं, म्हणजे वामनरावांच्या चौकशीतला आपला जबाब आपणच खोडायचा. अर्ज तसाच अर्धवट बॅगेत ठेवून तो अकोल्याला परतला.

पट्टीवर बुधाजी नव्हता. आदल्या दिवशी पिंपाजवळच कोसळला होता. तोंडाला फेस आला होता. "उपाशीपोटी ऊन लागलं," मालक म्हणाले. "तू विमान काढ. शेतकरी खोळंबलेत."

देवमन तसाच वळला आणि दवाखान्यात गेला. बुधाजीच्या दंडाचं मांस कातडीखाली आपोआप उडत होतं. त्यानं देवमनकडे पाहिलं, पण ओळखलं नाही.

तिथल्याच बाकावर बसून देवमननं सातव्या प्रश्नापुढे 'होय' लिहिलं. खाली औषधाची सगळी हकीकत लिहिली. आपला जबाब चुकीचा होता, असं वेगळं पत्र चौकशीच्या कचेरीत दिलं.

विमान कंपनीचं उत्तर दहा-बारा दिवसांत आलं, दोन ओळींचं. नकार होता. मालकांनी तर पत्राची बातमी लागली त्याच दिवशी त्याला काढून टाकलं होतं; तो अमरावतीला परतला होता. कचेरीकडून काहीच आलं नाही.

केशरबाई दोन दिवस त्याच्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी भाकरी वाढता वाढता म्हणाली, "वामनरावाच्या घरी गेलता का?"

तो गेला. पातूरला वामनरावांची बायको, सुंदराबाई, ओसरीवर तूर पाखडत बसली होती. त्यानं सगळं सांगितलं. तिचं सूप मध्येच थांबलं.

"लोक म्हनत, दारू पिऊन उडला असन," ती म्हणाली. "मलेबी एक डाव तसंच वाटलं, भाऊजी. माह्या मानसाबद्दल मलेच." मग तिनं मान वर केली. "हे तवा काहून नाई बोलले?"

उत्तराची वाट न बघता ती आत गेली आणि त्याच्यासाठी पेलाभर पाणी घेऊन आली.

"पन मालकाले आमची कीव आली म्हना," ती म्हणाली. "कोनी म्हातारा आजारी पडला म्हने तिथं. त्याच्या जागेवर माह्या दिराले घेतलं."

देवमन पेला खाली ठेवून उठला. "कवापासून?"

"आजपासूनच. पहाटच्या मोटारीनं गेला तो."