दुकानात न मिळणारी बरणी

“काकू, या बरण्या तुम्ही परत न्या. तीन आठवड्यांत एकही हलली नाही.”

बोगुमिलाने हे मऊ आवाजातच सांगितलं, पण सांगितलं ते शनिवारच्या गर्दीत, चार गिऱ्हाइकांसमोर. लुद्विकाकाकूंनी काउंटरवरच्या खोक्याकडे पाहिलं. आत बारा बरण्या होत्या पोविद्लाच्या. आलुबुखार साखरेशिवाय दिवसभर आटवून केलेला तो काळाभोर, घट्ट गर. गावच्या फळांच्या कारखान्यात एकतीस वर्षं काकूच तो शिजवत आल्या होत्या.

१९९१ साल होतं ते. कम्युनिस्ट राजवट जाऊन सरहद्दी खुल्या झाल्या होत्या आणि विस्तुला नदीकाठच्या आमच्या छोट्याशा गावातही जर्मन बिस्किटं, डच चीज, चकचकीत कागदातली चॉकलेटं येऊन पोचली होती. इतकी वर्षं रिकाम्या फळ्या पाहिलेली माणसं आम्ही, हुरळून गेलो. परदेशी डबे रिकामे झाले तरी लोक फेकत नसत, बैठकीच्या खोलीत मांडून ठेवत. बोगुमिलाचं दुकान भर चौकातलं. तिने गिऱ्हाइकाचा कल ओळखला आणि दर्शनी फळी सगळी बाहेरच्या मालाला देऊन टाकली. यात तिचं काही चुकतंय असं तेव्हा आमच्यापैकी कुणालाच वाटलं नाही.

“बोगुशा,” काकू तिच्या लाडक्या नावाने म्हणाल्या, “महिनाअखेरपर्यंत मागणी आली नाही तर यंदा कारखान्यात कढया चढवायच्या नाहीत असं ठरलंय. सव्वीस बायका आहोत आम्ही.”

“मला का कळत नाही, काकू? पण लोक बघतात आणि पुढे जातात. लेबल बघा, वाकडं. झाकण बघा, गंजलेलं. शेजारी तो जर्मन जॅम कसा नव्या नवरीसारखा दिसतो.”

“झाकण गंजतं हे खरं आहे,” काकू म्हणाल्या. “पण आत काय आहे ते तू शेवटचं कधी चाखलंस?”

बोगुमिलाला आठवेना. काकू खोकं उचलून निघून गेल्या.

दुसऱ्या दिवशी बोगुमिलाच्या नवऱ्याचा, ब्रोनेकचा नामदिन, म्हणजे त्याच्या नावाच्या संताचा दिवस होता; आमच्याकडे तो वाढदिवसासारखा साजरा करतात. त्यातून ब्रोनेकचा धाकटा भाऊ वितोल्द नऊ वर्षांनी हॅनोव्हरहून येणार होता. तिकडे तो घरं रंगवायचं काम करी. एवढ्या लांब राहून आलेल्या दिराला आपलं घर गरिबाघरचं वाटू नये, म्हणून बोगुमिलाने कंबर कसली. डब्यातलं हॅम, डच चीज, जर्मन बिस्किटं, पावाला लावायला तो नवरीसारखा जॅम. टेबल असं सजलं की ब्रोनेक म्हणाला, “आपल्याच घरी आलोय ना मी?” समोरच्या दारात राहणाऱ्या काकूंना मात्र दरवर्षीसारखं बोलावणं द्यायला तिला धीर झाला नाही.

दुपारी वितोल्द आला. भावाला कडकडून भेटला, रीतीप्रमाणे वहिनीच्या हाताचं चुंबन घेतलं आणि टेबलाशी बसला. जेवला मात्र चिमणीएवढं. चीजचा तुकडा ताटात फिरवत राहिला.

“भावजी, आवडलं नाही का?”

“छान आहे हो, वहिनी.” तो जरा घुटमळला. “काकडीचं लोणचं नाही केलं या वर्षी? आणि आपलं पोविद्ला?”

“अहो, तुम्हाला आता ते कसलं चालतंय!”

वितोल्द हसत सुटला. “वहिनी, हे सगळं माझ्या खोलीखालच्या दुकानात मिळतं. रोज तेच खातो. सहाशे किलोमीटर गाडी हाकली ती पुन्हा तेच खायला?”

ब्रोनेकही हसला. बोगुमिला मात्र कानापर्यंत लाल झाली. घरात पोविद्ला नव्हतं. दुकानात कालपर्यंत होतं, आणि तिनेच ते परत पाठवलं होतं. आता जायचं कुठे? समोरच्या दारी.

तिने कडी वाजवली. काकूंनी दार उघडलं.

“काकू, एक बरणी द्याल?”

“कसली गं?”

“पोविद्लाची.”

“अगोबाई, दुकानात मिळत नाही वाटतं?”

बोगुमिलाने मान खाली घातली. ते पाहून काकूंना हसू आवरेना. आत जाऊन त्यांनी दोन बरण्या आणल्या आणि बोलावण्याची वाट न बघता तिच्यामागून टेबलाशी येऊन बसल्या.

वितोल्दने पावावर जाड थर लावला आणि पहिल्या घासाला डोळे मिटले. दुसरा पावही त्याने तसाच संपवला. मग म्हणाला, “सांगायला लाज वाटते, पण पहिली दोन वर्षं मी तिकडे माझं नाव विल्फ्रेड सांगायचो, जर्मन वाटावं म्हणून. कुठून आलास विचारलं की विषय बदलायचो. आमच्यात एक तुर्की रंगारी होता. तो रोज घरचे ऑलिव्ह आणायचा आणि हे आमच्या गावचे म्हणून सगळ्यांना वाटायचा. एकदा त्याने विचारलं, तुमच्याकडे काय पिकतं? मी तेव्हाही विषय बदलला. आपल्याला काही येतच नाही असं मीच धरून बसलो होतो.”

बोगुमिलाने पावाला बोटभर पोविद्ला लावून तोंडात घातलं. आंबटगोड, किंचित धुरकट. लहानपणी शाळेतून आल्यावर आई हेच द्यायची. ती हळूच म्हणाली, “काकू, चुकलं माझं. परदेशी माल ठेवलाच नसता तर बरं झालं असतं.”

“असं कुठे म्हणतेय मी?” काकू म्हणाल्या. “माझं शिवणयंत्र जर्मन आहे, चाळीस वर्षं कुरकुरलं नाही. चांगलं असेल ते कुठलंही घ्यावं. आणि आपलं आहे म्हणून वाईट माल कुणी गोड मानून घ्यावा, असंही नाही. पण चाखायच्या आधीच नाक मुरडायचं, का तर ते आपल्या गावचं म्हणून? ही आपणच आपली केलेली बेइज्जती आहे गं.”

“मग काकू, तुम्हीही ऐका. गंजकं झाकण लावून अभिमान विकता येत नाही. माझ्या गिऱ्हाइकाने का सोसायचं?”

काकूंनी मान डोलावली. “बरोबर आहे. हे तू कारखान्यातल्या साहेबांना सांग. मी सांगितलं तर म्हातारी बडबडते म्हणतात.”

सोमवारी दोघी मिळून कारखान्यात गेल्या. व्यवस्थापकांनी आधी हात झटकले. बोगुमिला हलली नाही. “दर्शनी फळी मी देते. नवी झाकणं आणि सरळ लेबल तुम्ही द्या. मग एखादी बरणी न खपता परत आली तर तिचे पैसे माझ्याकडून भरून घ्या.” शेवटी ते राजी झाले.

तिने काउंटरवर पाव कापून ठेवला, शेजारी उघडी बरणी आणि चमचा. कुणाला काही पटवत बसली नाही. “आधी चाखा, मग बोला,” एवढंच म्हणायची. पहिल्या दिवशी लोक बिचकले. तिसऱ्या दिवशी शाळेतल्या निवृत्त बाईंनी सहा बरण्या घेतल्या, शिकागोच्या मुलाला पाठवायला. पंधरा दिवसांत शेजारच्या दोन गावांतल्या दुकानांनी विचारणा केली. महिना संपायच्या आत कढया चढल्या आणि सव्वीसच्या सव्वीस बायका कामावर आल्या. त्या संध्याकाळी शिजणाऱ्या आलुबुखारांचा वास नदीपर्यंत पोचला होता. जर्मन जॅमही दुकानात राहिला, आणि खपलाही. त्याचं कुणाला वाईट वाटायचं कारण उरलं नव्हतं.

मंडळी, राष्ट्रगीत सुरू झालं की ऊर आपल्या सगळ्यांचाच भरून येतो. पण देशाचा अभिमान खरा कळतो तो दुकानात, आपल्याच माणसाने केलेली वस्तू हाती घेताना. ती घेणाऱ्याने एकदा तरी निर्मळ मनाने पारखावी, आणि करणाऱ्याने ती पारखायला देताना मान खाली घालावी लागू नये अशी करावी. या दोन गोष्टी जमल्या की बाहेरच्या मालाला भिण्याचं कारण नाही आणि त्याच्यापुढे लाजण्याचंही नाही.