सुनेचे मूळ

“चांदणी, स्नुखा, स्वल्पविराम, अर्थ सून,” वहिनी मोठ्याने वाचत होती आणि कोशकार बाबांच्या लेकीची पेन्सिल मुद्रितावरून सरकत होती. छापखान्याच्या या खोलीत तपासणी अशीच चाले: एकीने चिन्हांसकट वाचायचे, दुसरीने डोळ्यांनी पडताळायचे. शब्दाआधी चांदणीची खूण म्हणजे तो शब्द कुठे लिहिलेला सापडलेला नाही. नातवंडांच्या तोंडावळ्यावरून खापरपणजी ओळखावी तसा जुळवलेला. या प्राचीन स्लाव शब्दाची रशियनमध्ये स्नोखा झाली, बल्गेरियनमध्ये स्नाहा, चेकमध्ये स्नाखा. संस्कृत स्नुषा ही त्याची लांबची बहीण आणि आपली सून स्नुषेची लेक. हे सगळे गणगोत बाबांनी जमवले आणि शब्दांची मुळे सांगणाऱ्या त्यांच्या कोशाची दुसरी आवृत्ती छापायला जाण्याआधीच ते गेले.

“मूळ, ‘मुलगा’ या शब्दापासून...” वहिनी अडखळली. “हे कुणी घातलं? बाबांनी ‘निश्चित नाही’ लिहिलं होतं.”

“मी घातलं,” टेबलापलीकडून संपादक म्हणाले. ते बाबांचे जुने विद्यार्थी. “सरांचंच मत आहे हे. पहिल्या आवृत्तीत केवढं गाजलं होतं! आजारपणात खचले, म्हणून खोडलं त्यांनी. त्यांचा मान त्यांना परत करतोय मी.”

लेकीने पेन्सिल खाली ठेवली. नुसती होकारार्थी मान हलवली असती तरी बाबांचे नाव मोठेच झाले असते.

“खचले नव्हते, काका,” ती म्हणाली. “मुलगा आणि सून यांच्यामधला दुवा त्यांना शेवटपर्यंत सापडला नाही. स्वतःचंच गाजलेलं उत्तर खोडायला त्यांना अर्धं आयुष्य लागलं.”

“आणि खोडलं त्या दिवशी मागून जेवले,” वहिनी म्हणाली. “मला म्हणतात, सूनबाई, तुझं मूळ काही हाती लागत नाही बघ. मी म्हटलं, माझ्या माहेरी चौकशी करा. ठसका लागेपर्यंत हसले. खचलेला माणूस असा हसतो होय?”

“अगं, पण लोक कोश उघडतात ते उत्तरासाठी,” संपादक म्हणाले.

“मग बाबांचं उत्तर द्या ना त्यांना,” लेक म्हणाली.

संपादकांनी चष्मा काढून पुसला. मग पेन उघडून आपली ओळ आडवी छाटली आणि समासात ठसठशीत लिहिले: मूळ निश्चित नाही.

“सर म्हणजे सर,” ते पुटपुटले आणि कोपऱ्यात सही केली.

दारात यंत्रचालक ताटकळत उभा होता. “आता काही बदल नाही ना, ताई? एकदा चालू केलं की थांबवता येणार नाही.”

“एका अक्षराचाही नाही,” लेक म्हणाली आणि तो कागद तिने दोन्ही हातांनी त्याच्या हवाली केला.