बांधाला पाडलेली वाट

सकाळी कॉफीचा घोट घेण्याआधी मी नैवेद्य ठेवते. नारळाच्या कोवळ्या पानाची परडी, फुलं, चिमूटभर भात, उदबत्ती. एकवीस वर्षांत नेम चुकला नाही. विद्यापीठानं दूरदूरच्या मुलांशी फोनच्या पडद्यावरून बोलून त्यांना धीर देण्याचं काम दिलं, तेव्हा नेमात मी आपणहून भर घातली: उदबत्ती विझायच्या आत प्रत्येकाला एक चांगला विचार पाठवायचा.

सगळे उत्तर द्यायचे, लुह आस्तिनी सोडून. ती आमचं बेट सोडून सुराबाया शहरात शिकायला गेलेली आणि खोलीबाहेर पडेनाशी झालेली. आमची भेट दर मंगळवारी पडद्यावर; दोन मंगळवार भेटली, पुढचे दोन आलीच नाही. माझे सव्वीस निरोप तिनं वाचले होते, पण उत्तर एकाचंही नाही. तिसरा मंगळवार चुकला की नाव काढायचं, असा नियम. मग त्या खोलीत तिला हाक मारणारं कुणीच उरलं नसतं.

रविवारी माझा चुलतभाऊ सुर्पा, माझा ब्ली म्हणजे दादा, मला होडीतून खाडीत घेऊन गेला. त्याचं कोळंबीचं तळं होतं तिथे आता कांदळवन आहे. पाणी इतकं निवांत होतं, की झाडं आभाळात पाय सोडून बसल्यासारखी दिसत होती.

"ब्ली, एवढी सगळी तू लावलीस?"

तो हसला तशी होडी हलली. "मी लावलेली सगळी मेली, सायू! तीन वर्षं रोपं खोचत होतो. मेली की पुन्हा खोच. लोक म्हणायचे, सुर्पा चिखलात टाचण्या टोचतोय."

"मग ही?"

"कोळंबीच्या वेळचा बांध तसाच होता ना. आत पाणी कोंडलेलं, मुळं गुदमरायची. चौथ्या वर्षी काही लावलं नाही, फक्त बांध दोन ठिकाणी फोडला. भरती आत येऊ लागली, ओहोटी बाहेर. बिया आपल्या आपण आल्या, हव्या तिथे रुजल्या." मग डोळे मिचकावून म्हणाला, "तुझीच खोड होती मला. रोज काहीतरी वाहिलंच पाहिजे."

परतताना मी सव्वीस टाचण्या मोजत होते.

सोमवारी नैवेद्य ठेवला आणि फोन कपाटात ठेवला. नेम मोडल्यासारखं दिवसभर चुटपुट लागून राहिली. संध्याकाळी लुहला एवढंच लिहिलं: "उद्या चार वाजता मी परड्या करत बसेन. चेहरा दाखवू नकोस, बोलूही नकोस. मधेच ये, मधेच जा."

मंगळवारी चार वाजले. पडद्यावर मी एकटीच. बऱ्याच वेळानं शेजारी एक काळा चौकोन उमटला. त्यातून पंख्याची घरघर येत होती. चौकोन गेला. मी पान दुमडलं, बांबूची काडी टोचली. चौकोन पुन्हा आला. असं किती वेळ चाललं कोण जाणे, खाडीकाठी बसल्यासारखं वाटत होतं.

"इबू?" लुहनं हाक मारली, आईला मारावी तशी.

"हं, गेग," आमच्याकडे पोरीला म्हणतात तसं मी म्हटलं.

"काडी जाड घेतलीत तुम्ही. पान फाटल्याचा आवाज येतोय. चौथ्यांदा."

"डोळे म्हातारे झाले गं."

"आमच्या देवळात असली परडी पायरीवरसुद्धा ठेवू देणार नाहीत." ती किंचित हसली. "इबू, मी तीन आठवडे कुणाशीच बोलले नाहीये."

एक चांगला विचार माझ्या जिभेवर आला होता. तो गिळला.

"ऐकतेय," म्हटलं, आणि पातळ काडी शोधू लागले.