निळा पत्रा

वरून

वरून पाहिलं तर सगळं झकास दिसतं. डोंगराची उतरण, तिला पाठ टेकून बसलेलं गावाचं नवं सभागृह, त्याच्या बुटक्या छपरावर गवत. एकही झाड तोडलेलं नाही. झाड आलं तिथं भिंतच वळवली आहे. आराखडा भाचीचा. शहरात ती आर्किटेक्ट, पण गावात शिवणकाम करणाऱ्या आत्याची भाची, म्हणून सगळ्यांचीच भाची.

समोरून

छप्पर घालून झाल्यावर भाची काम बघायला आली. बसमधून उतरली, समोर पाहिलं आणि काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. सगळं तिच्या चित्रासारखं होतं. हुबेहूब. तेच चुकत होतं.

सभागृहाच्या डाव्या अंगाला आत्याची शेड असायला हवी होती. निळ्या पत्र्याची. तिच्यात आत्याचं मशीन घरघरायचं आणि कपडे टाकायला आलेल्या बायका उठायचं नाव घ्यायच्या नाहीत. आता तिथं सपाट माती होती, वर पाणी मारलेलं.

"शेड कुठं गेली?" तिनं गवंड्याला विचारलं.

"काढली की. तुमच्या चित्रात नव्हती ना."

"कुणी काढली?"

"आत्यांनीच माणसं लावली. मी म्हटलं, भाची हुशार. घरच्याच माणसाला आधी हलवलं, आता बाकीच्यांची काय बिशाद बोलायची. मानलं बुवा तुम्हाला."

कापून

भाचीला मधोमध कापून आत पाहिलं असतं, तर एक दुपार दिसली असती. गावच्या सभागृह समितीला दाखवायचं रंगीत चित्र ती करतेय. हिरवं, मातकट, पुन्हा हिरवं, आणि मधेच तो भडक निळा, दातात अडकलेल्या कणासारखा. तिनं तो पुसला. चहा प्यायली.

नकाशावर शेड होती, लांबीरुंदीसकट. फक्त चित्रातून गेली. तिच्या धंद्यात सगळेच पुसतात. विजेच्या तारा पुसतात, उकिरडे पुसतात. म्हणून कुणी तारा तोडायला जात नाही.

पण नकाशा गावात कोण वाचणार? चित्र मात्र किराणा दुकानात टांगलं होतं. सगळ्यांनी पाहिलं. आत्यानंही.

आतून

मशीन आता स्वयंपाकघरात, ओटा आणि भिंत यांच्या मधे. आत्या शिवताना कोपर भिंतीला घासायचं. तेवढा रंग गेला होता. मागच्या दारातून पत्रे दिसत होते, निळी बाजू भिंतीकडं करून ठेवलेले.

"बायका येतात का गं अजून?"

"चुलीपाशी कोण बसायला येतंय? दारातूनच कपडे देतात नि जातात."

"आत्या, शेड काढायची नव्हती."

"मग चित्रात का नव्हती?"

सोयीचं उत्तर भाचीच्या ओठांवर तयार होतं. पाणी वाहून जायला जागा हवी होती, म्हणायचं. आत्यानं ते डोळे झाकून मानलं असतं.

"निळी होती म्हणून," भाची म्हणाली. "चित्रात डोळ्याला खुपत होती. मी पुसली."

मशीन थांबलं.

"एवढंच?"

"एवढंच."

आत्यानं दातानं दोरा तोडला. "मी गावभर सांगत सुटले, माझी शेड डोंगराच्या आड येत होती, म्हणून दिली. समितीच्या अध्यक्षांनी चारचौघांत कौतुक केलं. सभागृहात बसायची पहिली ओळ आमच्या आत्यांची, म्हणाले."

"परत उभी करू. मी करते."

"आणि लोकांना काय सांगू, भाचीचं पुसताना चुकलं?" आत्यानं कापड झटकलं. "गप्प बस. बाहेर एक अक्षर बोलायचं नाही."

भाचीची बोलून हलकं व्हायची सोयही गेली.

कापड पुन्हा सुईखाली सरकवत आत्या खालमानेनं म्हणाली, "मला विचारायचं तरी होतंस. हिरवा रंग मारला असता की."

मग, "ते मशीन जरा इकडं ओढ. कोपर लागतंय."

भाचीनं मशीन ओढलं. ते ओट्याला लागलं. पुन्हा ढकललं, तर भिंतीला. आत्या खुर्ची धरून उभीच होती, बसायला जागा कधी होते ते बघत.